काळाचे मोल कोणाच्या पदरात?

बियर ही ताजीच प्यावयाची वस्तू, ती ठेवली की बिघडते, असा आपल्याकडील सर्वसाधारण समज आहे. आणि बहुतेक बियरच्या बाबतीत तो खोटाही नाही. परंतु बेल्जियम, इंग्लंड, अमेरिका या देशांत लहान मद्यशाळांची निवडक बियर विकत घेऊन ती पाच-पाच, दहा-दहा वर्षे तळघरात जपून ठेवणारा शौकिनांचा एक वर्गच आहे. दुर्मिळ जुन्या बाटलीला तेथे नव्या बाटलीच्या कित्येक पट किंमत मिळते. आम्ही मद्यपानाचे पुरस्कर्ते नव्हे. दारूपायी धुळीला मिळालेले संसार या किनारपट्टीवर आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. तरीही हा विषय आज हाती घेत आहोत. कारण ज्या भूमीचे नाव काजूच्या फेणीशी कायमचे जोडले गेले आहे, तिने या जुन्या बाटल्यांच्या व्यापाराकडून काही शिकावे, असे आम्हांस वाटते.

बियर जुनी होते म्हणजे काय होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. काही बियर गाळून, निर्जीव करून बाटलीत भरत नाहीत. तिच्यात आंबवणारे किण्व जिवंत राहते आणि बाटली बंद झाल्यावरही आपले काम संथपणे चालू ठेवते. ब्रसेल्सच्या परिसरात एक, दोन आणि तीन वर्षांच्या आंबट ‘लँबिक’ बियरचे मिश्रण करून ‘ग्योझ’ नावाची बियर सिद्ध करतात. ती बाटलीत पुन्हा आंबते आणि वर्षानुवर्षे टिकते. शिमे येथील मठाच्या निळ्या लेबलाच्या बियरवर तर वर्षच छापलेले असते. इंग्लंडमध्ये डॉर्चेस्टर येथील मद्यशाळेने 1968 साली कादंबरीकार टॉमस हार्डी यांच्या नावाने एक कडक बियर काढली आणि ती पंचवीस वर्षे ठेवता येईल, असे बाटलीवरच नमूद केले.

मात्र ठेवावयाची म्हणजे कशीही ठेवावयाची नव्हे. अंधार हवा, दहा ते तेरा अंशांच्या आसपास स्थिर गारवा हवा. उजेड लागला की बियरला कुबट घाण येते; हवा शिरली की ओल्या पुठ्ठ्यासारखी चव लागते. हॉप्सच्या ताज्या सुगंधावर जगणारी फिकट बियर तर ठेवूच नये. आपल्याकडे भर जानेवारीतही पहाटेचा पारा वीस अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. तेव्हा येथील कपाटात परदेशी बाटली वर्षभर ठेवून ती ‘मुरली’ असे समजणाऱ्याने आपल्या हौसेचे पैसे मोजले, एवढेच म्हणता येईल.

तथापि आमचा मुद्दा चवीचा नाही, न्यायाचा आहे. बाटलीचे वय वाढते तेव्हा तिच्या किमतीत जी भर पडते, ती कोणाची? बियर करणारा ती भर पाहत नाही. त्याने आपली बाटली नवी असतानाच विकलेली असते. फ्लँडर्समधील संत सिक्स्टस मठाच्या साधूंना हा प्रश्न फार पूर्वीच पडला. वेस्टव्लेटेरेन या नावाने प्रसिद्ध असलेली त्यांची बियर आधी नोंदणी करणाऱ्यासच मिळते, आणि ती पुन्हा विकणार नाही, असे वचन त्यास द्यावे लागते. 2018 साली नेदरलँड्समधील एका दुकानसाखळीने हीच बियर मठातील किमतीच्या अनेक पट दराने विकली, तेव्हा साधूंनी जाहीर नापसंती व्यक्त केली. मालास मागणी आहे म्हणून वाटेल तो भाव घ्यावा, हे त्यांस मान्य नव्हते. साधूंना वचन मागता येते, कारण त्यांच्या पाठीशी मठ उभा आहे.

सत्तरीतील वा सांग्यातील भट्टीवाल्याच्या पाठीशी कोण उभे आहे? बोंडू तुडवून रस काढणे, तो आंबवणे, भाणात तापवून हुर्राक आणि पुन्हा गाळून फेणी काढणे, हे सारे कष्ट उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत उरकावे लागतात. फेणी ठेवली म्हणजे तिचा उग्रपणा निवतो, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. सर्दीपडशावर छातीला चोळण्यासाठी म्हणून का होईना, जुन्या फेणीची बाटली पुष्कळ घरांतून जपली जाई. परंतु सरपणाचे, मजुरीचे आणि परवान्याचे पैसे फेडावयाचे असतात, पाऊस दाराशी आलेला असतो. अशा वेळी लहान भट्टीवाला माल ठेवील कसा? तो मिळेल त्या भावाने विकतो. ज्याच्या गाठीला पैसा आहे, तो थांबतो. अशा रीतीने कष्ट एकाचे आणि काळाची कमाई दुसऱ्याची होते.

काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 साली राज्याने तिला वारशाचा दर्जा दिला, 2021 साली फेणी धोरण जाहीर झाले. या गोष्टी अभिमानाच्या खऱ्या. पण मानाने पोट भरत नाही. शेतमाल गोदामात ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज काढण्याची सोय देशात आहे आणि 2007 च्या कायद्याने त्या पावतीस बळही दिले आहे. त्याच धर्तीवर गावोगावच्या भट्टीवाल्यांसाठी सहकारी कोठारे का उभारू नयेत? अबकारी खात्याच्या मोहोरेखाली फेणी तेथे राहावी, तिच्यावर भट्टीवाल्यास उचल मिळावी आणि दोन-तीन वर्षांनी येणारा वाढीव भाव त्याच्याच पदरात पडावा.

याच्या जोडीला सचोटीही हवी. बाटलीत किण्व जिवंत असलेली बियर बाटलीत बदलत राहते. फेणीत किण्व नसते आणि घट्ट बूच लावलेल्या बाटलीत ती फारशी पालटत नाही. म्हणून लेबलावर फेणी गाळल्याचे वर्ष आणि बाटलीत भरल्याचे वर्ष, अशी दोन्ही छापली पाहिजेत. नुसते ‘जुनी’ म्हणून भागणार नाही.

यामुळे दारूला उत्तेजन मिळेल, असा आक्षेप येईल. तो आम्ही हलका लेखत नाही. पण ज्याला थोड्या मालाचा रास्त मोबदला मिळतो, त्याला अधिक माल स्वस्तात खपविण्याची घाई नसते. फेणी गाळली जाणारच आहे. तिच्या वयाचे मोल ती गाळणाऱ्यास मिळणार की नाही, एवढाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी सरकारने दिले पाहिजे.