विश्लेषण : सुरक्षा किट नसलेल्या शेतकऱ्याने कोणते कीटकनाशक फवारावे?

खरिपातील फवारणी सुरू झाली की ‘सुरक्षा किट वापरा’ असे आवाहन दरवर्षी केले जाते. नंदुरबार जिल्ह्यातील काठीसारख्या डोंगरी गावात हे आवाहन कितपत लागू पडते? यवतमाळमधील २०१७ च्या विषबाधेनंतर काय बदलले? अल्पभूधारकाला पीकही वाचवता येईल आणि जीवही, असा मार्ग कोणता?

काठीचा प्रश्न वेगळा का?

अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे गाव राजवाडी होळीमुळे राज्याला परिचित आहे. सातपुड्याच्या या पट्ट्यातील बहुतांश शेती उतारावरची आणि पावसावर अवलंबून. ज्वारी, मका, भगर, तूर, उडीद ही येथील पिके. एकाच वावरात दोन-तीन पिके घेण्याची पद्धत जुनी आहे. पिके मिसळलेली असली की एका किडीला सलग खाद्य मिळत नाही आणि मित्रकीटकही टिकून राहतात. त्यामुळे अशा शेतीत फवारणीची गरज मुळातच कमी असते.

हे चित्र बदलू शकते ते मक्यामुळे. अमेरिका खंडातून आलेली लष्करी अळी मे २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. ती मक्याच्या पोंग्यात शिरून कोवळी पाने खाते. नुकसान डोळ्यांदेखत होत असल्याने शेतकरी लगेच दुकान गाठतो. शिवाय या भागातील अनेक कुटुंबे पावसाळ्यानंतर मजुरीसाठी गुजरातमध्ये आणि तापीकाठच्या सपाटीवर जातात. स्वतःच्या शेतात कधी न वापरलेले विष दुसऱ्याच्या शेतात मजूर म्हणून अंगावर येऊ शकते.

यवतमाळमध्ये काय घडले होते?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कापूस माणसाच्या उंचीपर्यंत वाढला होता आणि दाटही होता. त्यामुळे फवारा थेट तोंडावर आणि छातीवर येत होता. दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळणे, जोराने फवारा सोडणारे पंप, दमट हवा आणि उघडे अंग या साऱ्याची त्यात भर पडली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि नोव्हेंबरमध्ये पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री ६० दिवसांसाठी थांबवली. त्यात मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट आणि डायफेनथियुरॉन यांचा समावेश होता.

बाधितांमध्ये मजुरांची संख्या मोठी होती. औषध निवडणारा एक, विकणारा दुसरा आणि पाठीवर पंप घेणारा तिसरा. पहिल्या दोघांकडे असलेली माहिती तिसऱ्यापर्यंत पोहोचत नाही, हे यवतमाळने दाखवून दिले.

डब्यावरचा त्रिकोण काय सांगतो?

कीटकनाशकांबाबतचा १९६८ चा कायदा आणि १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक डब्यावर विषाच्या तीव्रतेचा रंगीत चौकोन असतो. तो एका कोपऱ्यावर उभा असतो आणि त्याचे दोन त्रिकोण पडतात. खालच्या त्रिकोणाचा रंग तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अतितीव्र विष, पिवळा म्हणजे तीव्र, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य. अक्षरओळख नसली तरी रंग कळावा, हा त्यामागचा हेतू. मात्र हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

सोबतचे माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असावे लागते. पण सातपुड्यातील घरांमध्ये भिलोरी किंवा पावरी बोलली जाते आणि पत्रकातील अक्षरे इतकी बारीक असतात की मराठी वाचणाराही थकतो. मात्रा अनेकदा हेक्टरी दिलेली असते, तर शेतकऱ्याच्या हातात असतो १५ लिटरचा पंप. दहा लिटर पाण्याला ४ ग्रॅम अशी शिफारस असेल, तर १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम लागतात. हा हिशेब जुळला नाही की ‘एक झाकण’ हे माप होते. मात्रा वाढली की खर्च आणि धोका दोन्ही वाढतात, आणि कीड अधिक मरेलच असे नाही.

किट का पुरत नाही?

हातमोजे, मास्क, चष्मा, अ‍ॅप्रन आणि पूर्ण अंग झाकणारे कपडे आवश्यकच आहेत. पण दमट उन्हात उतारावर पंप वाहताना हा सारा जामानिमा तासभरही अंगावर राहत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ मध्ये स्वीकारलेल्या आणि नंतर सुधारलेल्या आचारसंहितेतही याची दखल आहे. जी कीटकनाशके हाताळताना त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात ती टाळावीत, विशेषतः उष्ण प्रदेशातील छोट्या शेतकऱ्यांच्या बाबतीत, असे ती सांगते.

याचा सरळ अर्थ असा, की जेथे किट मिळत नाही वा वापरता येत नाही, तेथे ते विषही पोहोचू नये. आपल्याकडे मात्र विष गावापर्यंत जाते आणि किट वापरण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर टाकली जाते.

फवारणी कमी कशी करता येते?

लष्करी अळीसाठी पहिला उपाय शेतात फेरी मारण्याचा आहे. पानावरील अंडीपुंज आणि लहान अळ्या हाताने वेचून नष्ट करता येतात. छोट्या क्षेत्रात हे शक्य असते आणि येथे अल्पभूधारक असणे फायद्याचे ठरते. पोंग्यात बारीक वाळू किंवा राख टाकणे, कामगंध सापळे लावणे आणि अंडी खाणाऱ्या ट्रायकोग्रामा कीटकांची कार्डे वापरणे हे पुढचे उपाय. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून १०० लिटर द्रावण करतात.

यातून भागले नाही तरच रासायनिक फवारणी करायची. त्यासाठी ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ हा निकष आहे. कापसावरील गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग सापडणे ही ती पातळी. त्याआधी केलेली फवारणी पैसे वाया घालवते आणि मित्रकीटकही मारते. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यातल्या पुनुकुला गावाने दोन दशकांपूर्वी अशाच उपायांवर भर देत रासायनिक कीटकनाशके सोडली. ते एकट्या शेतकऱ्याचे नव्हे, तर साऱ्या गावाचे काम होते.

बंदीने काय साधते?

मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर भारतात २००५ मध्येच बंद झाला, पण इतर पिकांच्या नावाने विक्री सुरू राहिली. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात माध्यान्ह भोजनातील विषबाधेने २३ मुलांचा बळी घेतला. तपासात हेच रसायन आढळले. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्राने २०२३ मध्ये बंदी आणली. म्हणजे पिकानुसार केलेल्या अर्धवट बंदीपासून पूर्ण बंदीपर्यंत सुमारे १८ वर्षे गेली. जुना कायदा बदलण्यासाठीचे विधेयक मार्च २०२० मध्ये राज्यसभेत मांडले गेले होते.

विषबाधा झाली तर?

डोके दुखणे, मळमळ, अति घाम, लाळ सुटणे, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे ही लक्षणे दिसताच काम थांबवावे. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत न्यावे. ऑर्गनोफॉस्फरस गटातील विषावर अ‍ॅट्रोपिन उपयोगी पडते, पण डायफेनथियुरॉनसारख्या रसायनांवर विशिष्ट उतारा नाही. त्यामुळे डॉक्टरांना रसायनाचे नाव कळणे महत्त्वाचे. काठीतून नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात जायचे तर घाट उतरावा लागतो. ही वेळ लक्षात घेता मोलगी परिसरातील आरोग्य यंत्रणेकडे उताऱ्याची औषधे फवारणीच्या हंगामाआधीच असायला हवीत.

आता काय हवे?

राज्यात २००९ पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू आहे. कोळदे येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. म्हणजे सल्ला देणारी यंत्रणा आहे, पण तिचा सल्ला भिलोरी-पावरीत आणि पेरणीआधी पोहोचला पाहिजे. सापळे आणि ट्रायकोकार्ड दुकानात औषधाइतकेच सहज मिळाले पाहिजेत. लाल व पिवळ्या त्रिकोणाच्या डब्यांची डोंगरी तालुक्यांतील विक्री रोखण्याचा विचारही व्हायला हवा. ज्या शेतीत आजही मिश्र पिके आहेत तेथे फवारणीची सवय लागण्याआधी हे करणे सोपे आहे. ती लागल्यानंतर मोडायला किती वर्षे जातात, हे विदर्भातील कापूसपट्टा सांगतोच.