'परदेशी खूळ' जामखेडात कसे रुजले?

संपादक महोदय,


वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी परस्परांस शिकविणे हे परदेशी व आजकालचे खूळ असून व्याख्यानावाचून वैद्यक येत नाही, असा जो निकाल आपल्या गतांकातील लेखकमहाशयांनी देऊन टाकला आहे, तो दप्तर न तपासता दिलेला दिसतो. व्याख्याने एकूण वेळेच्या एकतृतीयांशाहून अधिक नसावीत, हा दंडक तेव्हाच्या भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या 1997 च्या नियमावलीतच नमूद होता.

राहिला परदेशीपणा. जामखेडास रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली आरंभिलेल्या प्रकल्पात, ज्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती अशा ग्रामीण स्त्रिया नियमाने एकत्र जमून, आपापल्या गावचे रुग्ण एकमेकींपुढे मांडीत, एकमेकींच्या चुका काढीत आरोग्यसेविका झाल्या. हे खूळ म्हणावयाचे असेल तर ते अस्सल मराठी आहे. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत 39 गावांतील प्रशिक्षित स्त्रियांच्या घरोघरच्या शुश्रूषेने नवजातांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचा वृत्तान्त 1999 साली 'लॅन्सेट'ने छापला. ते शिक्षण सहाध्यायींचे नव्हे, हे खरे. पण व्याख्यानगृहातलेही नव्हे.

औषधाची मात्रा जाणत्या अध्यापकानेच सांगावी, एवढे मान्य. मात्र आमच्या धानाच्या मुलखात तापकऱ्याचे रक्त काचपट्टीवर नीट पसरणे नवख्या आशाताईस जुनी आशाताई हात धरून जितके लवकर शिकवील, तितके कोणतेही व्यासपीठ शिकविणार नाही. पुढील लेखापूर्वी लेखकमहाशयांनी जामखेडास एक खेप करावी.

कळावे,
आपला,
एक वाचक
इटियाडोह, जि. गोंदिया