आईकडून आले, म्हणून वारसा?



जालना जिल्ह्यात ज्वारीच्या किंवा कपाशीच्या शेताच्या बांधावर उंदरांची बिळे तुम्ही पाहिलीच असतील. समजा, अशा एका बिळातील मादीच्या आतड्यात ‘जिआर्डिया म्युरिस’ हा एकपेशीय परजीवी आहे. काही आठवड्यांनी तो तिच्या पिलांतही सापडतो. मग तो त्यांना वारशाने मिळाला, असे म्हणावे काय? माझ्या मते मुळीच म्हणू नये.

हा जीव मादीच्या आतड्यात राहतो, गर्भाशयात नव्हे. शरीराबाहेर पडण्यापूर्वी तो स्वतःभोवती कवच तयार करतो. या कवचबंद जीवांना पुटी म्हणतात. विष्ठेबरोबर त्या बिळातील गवतावर आणि मादीच्या अंगावर पसरतात. शिवाय दोन-तीन आठवड्यांची पिले आईची विष्ठा खातात. किळस करू नका. पचनास उपयोगी जीवाणू त्यांना त्यातूनच मिळतात. त्याच घासाबरोबर पुटीही पोटात जातात.

याला पुरावा काय? प्रयोगशाळेत गाभण मादीवर शस्त्रक्रिया करून पिले बाहेर काढली आणि निरोगी मादीच्या दुधावर स्वच्छ जागी वाढवली, तर ती अशा परजीवींपासून मुक्त राहतात. आई तीच, बीळ मात्र बदलले! टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी उंदराच्या गर्भातही शिरतो, हे खरे. पण तो आतड्यापुरता राहत नाही, सर्व शरीरात पसरतो.

उलट, हा रोग होऊन गेलेल्या मादीच्या दुधातील प्रतिपिंडे पिलांचे रक्षण करतात, असे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले.

उंदरांचा हा जिआर्डिया माणसाला होत नाही. पण माणसाला होणारा जिआर्डिया याच मार्गाने, म्हणजे विष्ठेतून तोंडात, पोचतो. एका घरातील मुलांना वारंवार जुलाब झाले, की “यांचे पोट जन्मतःच नाजूक, आईवर गेली आहेत,” असे लोक म्हणतात. यात आईला विनाकारण दोष लागतो आणि उपाय राहून जातो. वारसा बदलता येत नाही. हात मात्र साबणाने धुता येतात, शौचालय वापरता येते. उन्हाळ्यात टँकरचे पाणी साठवून प्यावे लागते, तेव्हा ते उकळून घ्यावे. नेहमीच्या क्लोरीनला या पुटी सहजासहजी दाद देत नाहीत.

म्हणून शिक्षकांनी आनुवंशिकतेचा धडा शिकवताना हे बिळाचे उदाहरणही जरूर द्यावे. आणि मित्रहो, एखादा रोग ‘घराण्यातला’ आहे असे कोणी म्हटले, तर आधी विचारा: तो रक्तातून आला, की घरातून?