बालिग आणि जाणता यांच्यामधली वर्षं

‘पोराला मोठं व्हायची भीती वाटते’ असं आमच्या मोहल्ल्यात कुणी म्हटलं, तर लोक हसतील. म्हणतील, ही सगळी शहरातली थेरं. घरात नऊ माणसं, गल्लीत चाळीस पोरं, आमच्या मुलांना कुठला आलाय एकटेपणा? दुसऱ्या बाजूला मराठीतले समीक्षक आहेत. तरुणाच्या तुटलेपणावर बोलायचं झालं की त्यांची गाडी ‘कोसला’वर येऊन थांबते, फार तर सॅलिंजरच्या होल्डनपर्यंत जाते. मला या दोघांशीही भांडायचं आहे.

आधी हसणाऱ्यांशी. १९५१ मधला ‘द कॅचर इन द राय’चा होल्डन आणि १९६३ मधला ‘कोसला’चा पांडुरंग सांगवीकर यांना ‘बापाच्या पैशावर रुसलेली पोरं’ म्हणून निकालात काढणं सोपं आहे. पण नीट वाचा. होल्डनचा धाकटा भाऊ वारलेला आहे. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवी येऊन जाते. मोठी माणसं रडतात आणि कामाला लागतात. या पोरांना ते जमत नाही. असं विसरून पुढे जाणं म्हणजेच मोठं होणं असेल, तर ते आपल्याला हवंय का, हा त्यांचा प्रश्न आहे. तो भरल्या पोटाचा प्रश्न नाही. कोविडमध्ये ज्या घरातला बाप गेला, त्या घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाकडे बघा. तो काही बोलत नाही म्हणून त्याला काही वाटत नाही, असं धरून चालणारे आपणच आहोत.

आता समीक्षकांशी. होल्डन आणि पांडुरंग यांच्याकडे एक गोष्ट होती, वेळ. वसतिगृहाचे पैसे भरणारं कुणीतरी होतं, म्हणून त्यांना मोठं व्हायला नकार देता आला. चंदगड तालुक्यातल्या किती पोरांना ही सवड आहे? शिक्षण हक्क कायदा वयाच्या चौदाव्या वर्षी हात सोडतो. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली, तरी चौदा ते अठरा वर्षांच्या मुलाला धोकादायक नसलेल्या कामावर ठेवता येतं. मग काजूचा कारखाना, बेळगावातलं गॅरेज, गोव्यातलं हॉटेल. पोरीसाठी स्थळं. ‘मोठेपणी मी कोण होणार’ हा निबंध मी दरवर्षी तपासतो. डॉक्टर, कलेक्टर, फौजी. एका मुलाने एवढंच लिहिलं होतं, ‘मी मोठा झालोय. अब्बा गोव्याला गेले तेव्हापासून.’ पुढचं पान कोरं. या मुलाची भीती होल्डनपेक्षा वेगळी आहे. त्याला न विचारताच मोठं करून टाकलंय. तुटलेपणाची व्याख्या करताना तो कुठे बसतो?

आमच्या तालुक्याला अभिमान आहे की ‘स्वामी’ लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला. आपण ती वाचतो, रमा-माधवाच्या प्रेमावर हळहळतो, पेशवाईच्या करारीपणावर भाषणं करतो. पण १७६१ हे साल डोळ्यांसमोर आणा. जानेवारीत पानिपतावर थोरला भाऊ पडला, जूनमध्ये वडील गेले आणि सोळा वर्षांच्या माधवरावाला गादीवर बसवलं. सत्ताविसाव्या वर्षी तोही गेला. अब्बा गोव्याला गेल्यावर घर ओढणाऱ्या पोराला हा माधवराव कळेल, पण आपण तो त्याच्यापर्यंत पोचवतो का? पेशवा दाखवतो, सोळा वर्षांचा मुलगा गाळतो.

इथून जवळच्या बेळगावने मात्र मराठीला लंपन दिला. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला हा पोरगा आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो आणि त्याच्या मनातली उलथापालथ आपल्या सीमाभागाच्या कानडीमिश्रित बोलीत सांगतो. आमच्या तोंडची भाषा साहित्याला चालते, हे संतांनी सिद्ध केलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ ला आलं, शरणकुमार लिंबाळेंचं ‘अक्करमाशी’ १९८४ ला. दलित लेखकांनी आपलं जळलेलं बालपण स्वतः मांडलं, कुणाची वाट पाहिली नाही. उर्दूत इस्मत चुगताईंनी १९४० च्या दशकातच ‘टेढी लकीर’मध्ये शमन उभी केली. घरातलं दहावं अपत्य, कुणालाच नको असलेली, शाळा-वसतिगृहातून वाकडी वाकडी वाढणारी मुलगी.

आणि आपण? १९९० ला सोलापुरात पहिलं मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरलं. तेव्हापासून आपण ओळख, दंगल, तलाक, आरक्षण यांवर पुष्कळ लिहिलं. ते गरजेचं होतं. पण त्या लेखनात पंधरा वर्षांचा मुलगा येतो तो ‘गळतीचं प्रमाण’ म्हणून आणि मुलगी येते ती ‘मुस्लीम स्त्रियांचा प्रश्न’ म्हणून. दुपारी गच्चीवर एकटी बसलेली ती मुलगी काय विचार करते, हे कुणी लिहायचं?

कुणी म्हणेल, आपल्याकडे मूल बालिग झालं की नमाज-रोजा फर्ज, मग मोठं होण्यात कसली भीती? त्यांनी सूरह निसाची सहावी आयत पुन्हा वाचावी. यतीम मुलाचा माल त्याच्या हाती कधी द्यायचा, हे तिथे सांगितलंय. लग्नाचं वय होणं पुरेसं नाही, त्याच्यात रुश्द, म्हणजे जाणतेपण, आलेलं दिसलं पाहिजे. तोवर पारखत राहायचं, सांभाळायचं. म्हणजे बालिग होणं आणि जाणता होणं यांच्यामध्ये काही वर्षं असतात, हे आपल्या किताबाला मान्य आहे. मोहल्ल्याला आणि साहित्याला ते अजून मान्य व्हायचंय. मोहल्ला ती वर्षं मजुरीत आणि लग्नात उरकून टाकतो, आपले लेखक ती गाळून थेट नवरा-बायकोवर येतात.

म्हणून मुस्लीम मराठी लेखकांना माझं सरळ सांगणं आहे. समाजसुधारणेचा पुढचा लेख महिनाभर थांबला तरी चालेल. त्याआधी एक गोष्ट लिहा, पंधरा वर्षांच्या एका पोराची किंवा पोरीची, तिच्याच बोलीत, शेवटी उपदेश न करता. मात्र फार वेळ लावू नका. ज्यांनी ती वाचायची आहे ते आज दहावीत आहेत. मार्चची परीक्षा झाली की त्यांतले बरेच जण पुन्हा कुठल्याच वर्गात दिसणार नाहीत.