टरफलाला मतदारसंघ नसतो

या आठवड्यात आणखी एका चर्चासत्राची पत्रिका हाती पडली. विषय : कोळंबीच्या टरफलांतून सोनं. दर दोन-चार वर्षांनी हे सोनं कोकणात नव्याने सापडतं. फ्लेक्सवरचे चेहरे बदलतात, कोळंबी तीच.

हे सोनं म्हणजे कायटोसन. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्याची कृती १९७०च्या दशकातच बसवली. टरफलातला चुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढायचा, प्रथिनं सौम्य कॉस्टिक सोड्याने. उरतं ते कायटिन. ते ४०-५० टक्के कॉस्टिकमध्ये तापवलं की कायटोसन. इराकमध्ये अमेरिकी सैनिकांचं रक्त थांबवायला याच्याच पट्ट्या वापरल्या गेल्या. तेव्हा शास्त्राबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार पत्रिकेतल्या एका वाक्याबद्दल आहे : ‘साखर कारखान्यांनी मळीचं जे केलं, ते मच्छीमार टरफलांचं करू शकतात.’ लिहिणाऱ्याने मळी पाहिली असेलही. टरफलांचा ढीग दुपारी दोन वाजता पाहिलेला दिसत नाही.

मळी कारखान्याच्या आतच निघते, गाळपाच्या चारेक टक्के. ती गोळा करायला कोणाला गावोगाव हिंडावं लागत नाही. टाकीत भरली की महिनोन् महिने टिकते. गाळप संपलं तरी डिस्टिलरी चालू राहू शकते. टरफलांचं उलट. ससून डॉकवर बाया पाटावर बसून कोळंबी सोलतात, आधी डोकं मुरगळून काढायचं, मग साल. कोळंबीच्या वजनात जवळपास निम्मा भाग या डोक्या-सालींचा. सोललेला माल बर्फात जातो, डोकी जमिनीवर. डोक्यातलेच पाचकरस आणि जिवाणू कामाला लागतात, साली काळ्या पडतात, संध्याकाळपर्यंत अमोनियाचा वास नाकात चढतो. ढीग जितका कुजलेला, तितका पुढे निघणारा माल हलका. आणि माल तरी किती? पाणी, चुना, प्रथिनं वजा जाता शंभर किलो ओल्या टरफलांमागे पाचेक किलो उरलं तरी पुष्कळ.

कुजणं थांबवायला बर्फ हवा. माझे वाचक आता म्हणतील, आला हा पुन्हा बर्फावर. आलोच. ज्या बंदरांवर खायच्या मासळीला पुरेसा बर्फ मिळत नाही, तिथे सालींना कोण देणार?

मळीची खरी गोष्ट पुढेच आहे. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये मळीपासूनचं इथेनॉल मिसळून पाहायचं ठरलं, तेव्हा देशातल्या मोजक्या ठिकाणांत मिरज आणि मनमाड होती. २००३ मध्ये योजना नऊ राज्यांत आली, २०१४ च्या डिसेंबरात सरकारने इथेनॉलचा दर स्वतः ठरवायला घेतला. घेणारा ठरलेला, दर ठरलेला. असं गिऱ्हाईक मिळालं तर मीही उद्या डिस्टिलरी काढीन. कायटोसनला असा कोणी सरकारी मामा नाही. औषधाच्या दर्जाचा माल आणि सांडपाणी निवळायचा माल यांच्या भावात जमीन-अस्मानाचं अंतर, आणि कुजक्या ढिगातून दुसराच निघतो. साखरेला आमदार असतात, चेअरमन असतात. टरफलाला मतदारसंघ नसतो. याला पुरावा काय, असं विचारू नका, अर्थसंकल्प वाचा.

एका बाबतीत मात्र तुलना तंतोतंत जुळते, ती पत्रिकेत नाही. डिस्टिलरीच्या सांडपाण्याने, म्हणजे स्पेंटवॉशने, विहिरी तांबड्या झालेल्या गावांनी ती लिहायला हवी होती. किलोभर कायटोसनला टनभर पाणी लागतं, असा एक अंदाज आहे. ते आम्ल, कॉस्टिक आणि प्रथिनं घेऊन बाहेर पडतं. ते खाडीत सोडणार का, हे आधी ठरवा.

म्हणून माझं मत : कोकणात कारखाना नको, निदान आधी नको. केरळात कायटोसनचे कारखाने आहेत. आपण टरफलं त्याच दिवशी गोळा करून, वाळवून द्यावीत. सोडे वाळवणाऱ्या कोळणींना वाळवण शिकवायला तज्ज्ञ लागत नाही. अडचण एवढीच की पावसाळी मासेमारीबंदी उठते ऑगस्टच्या पहिल्या तारखेला. कोळंबी ढिगाने येते ती तेव्हाच, आणि ऊन नसतं तेही तेव्हाच. बंदरावर ड्रायर लागेल, त्याला वीज लागेल, ती कोणत्या दराने द्यायची हे महावितरणला विचारावं लागेल. चर्चासत्राच्या तीन सत्रांत वीज हा विषय नाही. उद्घाटन, सत्कार आणि भोजन आहे.