अल्डाब्राच्या कचऱ्याचं बिल

सेशेल्सच्या राजधानीपासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर, मादागास्करच्या वायव्येला अल्डाब्रा नावाचं कंकणद्वीप आहे. मधोमध उथळ लगून आणि त्याभोवती प्रवाळाची चार मोठी बेटं. संशोधन केंद्रातले मोजके लोक सोडले तर इथे राज्य आहे ते लाखभर महाकाय कासवांचं.

हे बेट आज शाबूत आहे, ते केवळ आडवाटेला आहे म्हणून नव्हे. १९६० च्या दशकात ब्रिटनला इथे लष्करी धावपट्टी हवी होती. डेव्हिड स्टॉडार्टसारख्या शास्त्रज्ञांनी लंडनमध्ये रान उठवलं, १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं आणि बेत बारगळला. तळ उभा राहिला तो चागोस द्वीपसमूहातल्या दिएगो गार्सिया बेटावर, तिथल्या माणसांना घरादारातून हाकलून. अल्डाब्राच्या बचावाची गोष्ट सांगताना या माणसांना वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

१९६८ पासून हिरव्या समुद्री कासवांची कत्तल थांबली आणि अंडी घालायला येणाऱ्या माद्या कित्येक पटींनी वाढल्या. १९८२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. माणसाने हात आवरला की समुद्र किती भरभरून परत देतो, याचा याहून चांगला पुरावा हिंदी महासागरात क्वचितच सापडेल.

पण प्लॅस्टिकला कुठली हद्द? २०१९ मध्ये स्वयंसेवकांनी पाच आठवडे राबून २५ टन कचरा उचलला. मागे अंदाजे ५१३ टन उरला. वजनाने त्यातला ८३ टक्के मासेमारीचा : जाळी, दोर, तरंगते बोये. सगळं साफ करायला सुमारे ४७ लाख डॉलर लागतील, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला. जाळी ज्यांची त्यांनीच हा खर्च भरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मालक सापडत नाही, ही सबब निदान तराफ्यांच्या बाबतीत टिकणारी नाही. पर्ससीनवाली मोठी जहाजं ट्यूना, म्हणजे आपला कुपा, एका जागी जमावा म्हणून समुद्रात तराफे सोडतात. तराफ्याच्या बोयाला उपग्रहाशी जोडलेलं यंत्र असतं. मासे मिळतात तोवर तराफा नेमका कुठे आहे हे मालकाला कळतं; तोच प्रवाळावर जाऊन अडकला की मात्र बेवारस! परवाना देतानाच तराफ्यामागे अनामत घ्यावी आणि तो परत आणला तरच सोडावी.

एकट्या सेशेल्सला हे झेपणार नाही. कारण राजधानी व्हिक्टोरियाचं बंदर आणि तिथला डबाबंद माशांचा कारखाना याच ट्यूनावर चालतो. २०२३ मध्ये हिंदी महासागर ट्यूना आयोगाने वर्षातले ७२ दिवस तराफे बंद ठेवण्याचा ठराव मतदानाने मंजूर केला, तर ज्याची जहाजं इथे मोठ्या संख्येने मासे धरतात त्या युरोपीय संघाने हरकत नोंदवून स्वतःला मोकळं करून घेतलं. घरच्या समुद्राबद्दल हळवा असणारा युरोप इथे असा वागतो, याचा मला संताप येतो.

भारतही या प्रकरणात तटस्थ प्रेक्षक नाही. अल्डाब्राच्या शेजारच्या अझम्प्शन बेटावर आपल्याला नौदलासाठी सुविधा हव्या होत्या. २०१८ मध्ये सेशेल्समधल्या विरोधामुळे त्यासाठीचा करार अडला. विरोधामागे सार्वभौमत्वाची चिंता होती, तशी अल्डाब्राचीही. शिवाय सेशेल्सच्या दूरच्या बेटांवर वाहून येणारा जमिनीवरचा कचरा मुख्यतः इंडोनेशियाचा असला, तरी भारत आणि श्रीलंकेचा वाटाही लक्षणीय असल्याचं प्रवाहांच्या अभ्यासातून दिसलं आहे. ट्यूना आयोगाचा सदस्य म्हणून भारताने अनामतीचा प्रस्ताव मांडावा, आणि मांडतानाच अल्डाब्राच्या सफाईसाठी आपल्या वाट्याची रक्कम जाहीर करावी. मग युरोपकडे उरलेलं बिल मागताना आपल्या प्रतिनिधीला आवाज खाली करावा लागणार नाही.