फोडणीविना कोशिंबीर

मिरी, दालचिनी आणि चक्रीफूल यांचा व्यापार करणाऱ्या घरांना व्हिएतनाम नकाशावर शोधावा लागत नाही. काळ्या मिरीच्या निर्यातीत हा देश जगात पहिला आहे. तेथे माल पाहण्यास जाणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांच्या बॅगेत खाखरे आणि थेपले असतात, ते योग्यच आहे. कारण तेथे साध्या भाजीवरही ‘नुओक माम’, म्हणजे मिठात महिनोन् महिने मुरवलेल्या माशांचा रस, शिंपडलेला असू शकतो.

मसाल्याच्या अशाच एका पेढीची सून पतीसमवेत तेथे गेली असता तिचे लक्ष एका पदार्थाने वेधून घेतले. कच्च्या पपईचा लांब, बारीक कीस, त्यावर पुदिन्यासारखी सुवासिक पाने, भरडलेले शेंगदाणे, आणि लिंबू, साखर व लाल मिरचीचे पातळ पाणी. दक्षिणेत याला ‘गॉय’ म्हणतात, उत्तरेत ‘नोम’. दिसण्यात हा पदार्थ फाफड्याबरोबर मिळणाऱ्या पपईच्या संभाऱ्याचा भाऊच. मात्र त्या पाण्यात नुओक माम होता, हनोईच्या रस्त्यावरील प्रकारात तर वर सुकवलेल्या मांसाच्या चिंध्याही असतात, आणि सोबतचा पांढराशुभ्र पापड बहुधा कोळंबीचा असतो. प्रवाशाने त्या पापडापासून विशेष सावध राहावे. तो अगदी आपल्या तांदळाच्या पापडासारखा दिसतो.

मार्ग निघाला तो ‘चाय’ लिहिलेल्या एका उपाहारगृहात. या शब्दाचा चहाशी संबंध नाही. व्हिएतनामी भाषेत तो बौद्ध परंपरेतील शाकाहारासाठी वापरतात. आपल्याकडे अष्टमी-चतुर्दशी पाळतात, तसे तेथील अनेक बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासे वर्ज्य करतात. कांदा-लसूणही त्यांच्या निष्ठावंत साधकांना चालत नाही. गंमत अशी की, त्यांच्या पाच वर्ज्य उग्र पदार्थांच्या जुन्या यादीत हिंगाचाही समावेश आहे. म्हणजे कांद्याच्या जागी आपण जो हिंग घालतो, तोच तेथील भिक्षूने नाकारावा! उलट गाजर, मुळा, अळंबी यांना तेथे मुळीच हरकत नाही. त्यामुळे ‘चाय’ची पाटी पाहून जैन प्रवाशाने निश्चिंत होऊ नये. सुनेने गाजर व मुळा वगळून पदार्थ करून घेतला आणि तो तिला मनापासून आवडला.

खरा प्रश्न घरी परतल्यावर उभा राहिला. सासूबाईंचे नियम काटेकोर: कंदमूळ नाही, अळंबी नाही, आंबवलेला सोया सॉस नाही, सूर्यास्तानंतर काही नाही. एका ताटातील पदार्थ घरातील एकीने खावा आणि दुसरीने पाहत बसावे, हे सुनेला पटेना. नुओक माम आणि सोया सॉस दोन्ही वजा केले, तर उरते ते केवळ लिंबू-साखरेचे पाणी. पहिल्या दिवशीची पपई तशीच झाली, गोड, आंबट आणि पोकळ.

मुरवलेला रस त्या पदार्थाला केवळ खारटपणा देत नाही, तर जिभेवर रेंगाळणारी एक खोली देतो. ती खोली सुनेने कोकणच्या आणि स्वतःच्या मसाल्याच्या डब्यातून उभी केली. चार आमसुले दोन मोठे चमचे गरम पाण्यात अर्धा तास भिजवून कोळून घेतली. त्यात एका लिंबाचा रस, दीड मोठा चमचा साखर, पाव चमचा काळे मीठ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि बारीक चिरलेली लाल मिरची घातली. काळ्या मिठाच्या उग्र वासाने त्या रसाची जागा बरीचशी भरून काढली. हिंग मात्र नखभरच, चमचाभर कोमट तेलात विरघळवून. जास्त झाला तर पदार्थ तत्काळ घरचा होतो.

पपई पूर्ण हिरवी, सुमारे 300 ग्रॅम घ्यावी. तिचा चीक हाताला लागतो, म्हणून बोटांना तेल लावून सोलावी, धुवावी आणि लांब किसावी. एक चमचा मीठ चोळून 15 मिनिटे ठेवावी, पाण्यातून काढावी आणि मुठीने घट्ट पिळावी. पिळण्यात आळस करू नये, कुरकुरीतपणा सर्वस्वी त्यावर आहे. पुदिना आणि कोथिंबीर हाताने तोडून घालावी. तुळस तेथील सुवासिक पानांची जागा घेत नाही, उगाच काढ्याची आठवण येते. शेवटी तीन मोठे चमचे भरड शेंगदाणे, चमचाभर भाजलेले तीळ आणि तळलेल्या कांद्याच्या जागी तांबूस भाजलेले सुक्या खोबऱ्याचे काप. पाणी अगदी वाढण्याच्या क्षणी घालावे आणि बरोबर पोह्याचा पापड द्यावा. घरात कोणी गर्भवती असल्यास तिच्यासाठी पपईऐवजी काकडी घ्यावी.

सायंकाळी साडेपाचला, दिवस मावळण्यापूर्वी, वाटी सासूबाईंसमोर आली. त्यांनी सावकाश दोन घास घेतले.

“चव चांगली आहे गं,” त्या म्हणाल्या, “पण राईची फोडणी द्यायची राहिली वाटतं.”

“राहिली नाही, आई. फोडणी दिली की तो आपला संभारो होतो.”

“मग होऊ दे की!”

सुनेने त्यांच्या वाटीवर मोहरीची चुरचुरीत फोडणी ओतली. व्हिएतनाम तेथेच संपला आणि सासूबाईंनी वाटी रिकामी केली. आता त्या घरात पपई एकदाच किसली जाते, पिळून झाली की दोन भांड्यांत विभागली जाते, आणि फोडणीचे पळे फक्त एका भांड्याकडे जाते. मुले मात्र दोन्ही भांड्यांत हात घालतात.